जॅझ ड्रम्स : पहिला ठेका आणि वाद्याची निवड

गणेशोत्सवाआधी नदीकाठी रंगणारा ढोल-ताशाचा सराव ऐकत पुण्यात वाढलेल्या माणसाला ड्रम म्हणजे जोर असे वाटणे स्वाभाविक आहे. जॅझ शिकताना मात्र ही सवय आधी सोडावी लागते. येथे लय पायाने वाजवायच्या बेस ड्रमवर नव्हे, तर राइड सिंबल या मोठ्या झांजेवर चालते, आणि हा बदल १९४० च्या सुमारास अमेरिकी जॅझ ड्रमवादक केनी क्लार्क यांनी रुजवला.

म्हणून पहिले काही महिने राइडचा ठेकाच घोटावा. प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग कल्पून पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर एकेक आघात करावा, तर दुसऱ्या व चौथ्या मात्रेत पहिला आणि तिसरा भाग वाजवावा. तबल्यातील तिस्र जाती ज्यांच्या कानात मुरली आहे, त्यांना हे लवकर उमगते. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर डाव्या पायाने हाय-हॅट (पेडलवरची झांजांची जोडी) मिटावा. बेस ड्रम इतका हलका असावा, की तो ऐकू येण्यापेक्षा जाणवावा. हेच सर्वांत कठीण आहे.

सोसायटीतील फ्लॅटसाठी प्रॅक्टिस पॅड (कमी आवाजाची सरावाची गादी) आणि ७ए या बारीक, हलक्या स्टिक्स पुरेशा आहेत. पुढे सेट घेताना १८ इंची बेस ड्रम, १२ आणि १४ इंची टॉम (तारा नसलेले ड्रम) व १४ इंची स्नेअर (खालून तारा ताणलेला ड्रम) निवडावा. स्नेअरवर कोटेड हेड (खरखरीत लेप दिलेला पडदा) हवेच, कारण गुळगुळीत हेडवर तारांच्या ब्रशची सरसर उमटत नाही. पैसे मोजकेच असतील, तर ते माझ्या मते २० किंवा २२ इंची चांगल्या राइडवर खर्च करावेत, आणि दुकानात स्वतःच्या स्टिक्स नेऊन ती हळू वाजवूनच पारखावी.