मॉलमधलं नवं स्वस्त दुकान: काय तिथून घ्यावं, काय राजवाड्याच्या बाजारातूनच आणावं

इंदूरच्या एखाद्या मॉलमध्ये डबे, टॉवेल, स्टेशनरी, सौंदर्यप्रसाधनं, खेळणी आणि मोबाइलचं सामान असं सगळं स्वस्तात विकणारं दुकान उघडलं की पहिले काही दिवस तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत घाईने घेतलेला डबा घरी खणात बसत नाही आणि हुक चौथ्या दिवशी भिंतीवरून गळून पडतो. थोडी तयारी करून गेलात, तर याच दुकानांत खरोखर चांगल्या वस्तू मिळतात.

आधी वेळेचं बघा. उद्घाटनाच्या आठवड्यात ऑफर असतात हे खरं, पण त्याच दिवसांत फळीवरचा भाव आणि बिलाच्या मशीनवरचा भाव यांत फरक निघतो, काही वस्तूंवर बारकोडच नसतो आणि नव्या मुलामुलींना माल कुठे आहे ते ठाऊक नसतं. दोन-तीन आठवडे थांबून मंगळवार ते गुरुवार, मॉल उघडल्यावर पहिल्या तासाभरात जावं. तेव्हा फळ्या भरलेल्या असतात आणि विचारायला माणूस मोकळा असतो. रविवारी संध्याकाळी मात्र टाळाच. एम. जी. रोडवरचं ट्रेझर आयलंड असो की ए. बी. रोडवरचं सी-२१, पार्किंगलाच अर्धा तास जातो. रामबागेतून किंवा लोकमान्य नगरातून बायपासवरच्या फिनिक्स मॉलला केवळ चार डबे आणायला जाणार असाल, तर पेट्रोल आणि पार्किंग धरून हिशेब करा. दुसरं काही काम असेल त्याच दिवशी ते जोडून घ्यावं.

निघण्यापूर्वी घरात मापं घ्या, सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. शिवणाची टेप पुरते. ओट्याखालच्या ट्रॉलीच्या खणाची आतली लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजा. उंची मोजताना वरच्या खणाच्या तळापर्यंतच मोजा आणि त्यातून एक सेंटीमीटर वजा करा, नाहीतर खण बंद होताना झाकण घासतं. फ्रिजच्या फळीची खोली दार बंद करून धरावी लागते, कारण दारातल्या बाटल्या आत येतात. मापं मोबाइलमध्ये लिहा, खणाचा फोटोही काढा, आणि टेप पिशवीत टाका.

ही टेप दुकानात का लागते, ते ऑर्गनायझरचा डबा हातात घेतल्यावर कळतं. एकात एक रचता यावेत म्हणून या डब्यांचं तोंड रुंद आणि बूड अरुंद असतं. लेबलवर माप बहुतेकदा तोंडाचं, तेही काठासकट. म्हणजे ३० सेंटीमीटर लिहिलेल्या डब्याचं बूड २६-२७ चंही निघू शकतं. खणात बसेल की नाही हे तोंडाच्या मापावर ठरतं, आत किती मावेल हे बुडाच्या. दोन्ही मोजा. लिटरचा आकडा काठोकाठ भरल्यावरचा असतो. एक किलो पोहे ठेवायचे तर डबा चांगला मोठा घ्यावा लागतो, कारण पोहे हलके आणि जागाखाऊ.

दुकानात शिरल्यावर ट्रॉली न घेता हातातली बास्केट घ्या. जड झाली की आपोआप थांबता येतं. दाराजवळ मऊ खेळणी, शोभेचे दिवे, नव्या रंगाच्या बाटल्या मांडलेल्या असतात. रोजच्या वापराचं सामान मागच्या बाजूला. सरळ मागे जा, यादीतलं आधी उचला, आणि परतताना पुढचं बघा.

यानंतर लेबल. पाकीटबंद वस्तूवर एमआरपी सगळे कर धरून छापलेली असावी लागते. शिवाय नग किंवा वजन, तयार झाल्याचा महिना आणि वर्ष, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क, आणि बाहेरचा माल असेल तर कोणत्या देशातला ते. आयात मालावर हे सगळं बहुधा मागे चिकटवलेल्या पांढऱ्या स्टिकरवर असतं. किंमत कमी करणारं नवं स्टिकर चालतं, पण त्याने मूळ एमआरपी झाकता कामा नये. मागचं स्टिकरच नसेल, तर ती वस्तू फळीवर परत ठेवा. उद्या काही बिघडलं तर धरायचं कोणाला, तेच कळणार नाही. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति नग किंमतही छापतात. मोठं पाकीट खरंच स्वस्त पडतं का, ते तिथे दोन सेकंदांत समजतं. वेट टिश्यू, कापूस, साबण घेताना ती ओळ नक्की वाचावी.

स्वयंपाकघराच्या सामानात काय टिकतं? पारदर्शक प्लास्टिकचे हवाबंद डबे कोरड्या जिन्नसांना उत्तम: रवा, डाळी, शेंगदाणे. लोणचं, हळद, फोडणीची भाजी त्यात ठेवली तर डबा पिवळा पडतो आणि वास जात नाही. त्याला काच किंवा स्टीलच बरं. डबा घेताना झाकण काढून आतली रबरी रिंग नीट बसलेली आहे का पाहा, चारही कड्या एकेक लावून बघा. एक कडी जरी सैल असेल तरी पावसाळ्यात आतली शेव मऊ पडणार. मायक्रोवेव्हसाठी डब्याच्या बुडाशी त्रिकोणात ५ आकडा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि मायक्रोवेव्हचं चिन्ह असं दोन्ही असावं. मेलामाइनच्या रंगीत ताटल्या दिसायला छान, पण मायक्रोवेव्हमध्ये चालत नाहीत. सोनेरी काठाचे कप तर मुळीच नाहीत, ठिणग्या उडतात. नायलॉनचं उलथनं तापलेल्या कढईत विसरलं की टोक वितळतं; सिलिकॉनचं थोडं महाग, पण टिकतं.

स्टीलच्या बाटलीला लोक चुंबक लावून पाहतात. त्याने फारसं काही सिद्ध होत नाही, कारण हलक्या प्रतीचं स्टीलही कित्येकदा चुंबकाला चिकटत नाही. बाटलीवर किंवा खोक्यावर ३०४ किंवा १८/८ (चांगल्या प्रतीच्या स्टीलची खूण) लिहिलंय का आणि आयएसआयचा शिक्का आहे का, हे पाहा. गरम-थंड ठेवणारी बाटली घरी आणल्यावर त्याच दिवशी उकळतं पाणी भरून झाकण लावा आणि दहा मिनिटांनी अंगाला हात लावा. बाहेरून कोमट लागली तर आतली निर्वात पोकळी गेलेली आहे. ती तशीच वापरत बसू नका, बदलून आणा.

चिकटवायच्या हुकांबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी असतात, आणि दोष बहुतेक वेळा हुकाचा नसून भिंतीचा असतो. डिस्टेंपर किंवा पुट्टीवर हुक चिकटतो तो रंगाच्या पापुद्र्याला. वजन आलं की पापुद्र्यासकट खाली. असे हुक टाइल, काच, सनमायका, गुळगुळीत स्टील यांवरच लावावेत. टाइलवरचा तेलकट थर साबणाने धुवा, पुसून पूर्ण कोरडा करा, मग स्पिरिटचा बोळा फिरवा. दोन टाइलांच्या जोडावर लावू नका, त्या खाचेतून हवा आणि ओल शिरते. लावल्यावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि २४ तास काही टांगू नका. पाकिटावर तीन किलो लिहिलं असेल तर दीड किलोच धरा. शेगडीच्या मागच्या भिंतीवर तर लावूच नका.

टॉवेलवर जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, लिहिलेलं असतं: ३०० ते ४०० पातळ आणि लवकर वाळणारा, ५०० च्या पुढे जाड. इंदूरच्या पावसाळ्यात पातळच सोयीचा.

मोबाइलचं सामान घेताना जपून. पॉवर बँक आणि चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि ‘आर’ ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून जागच्या जागी तपासता येतो. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या बॅटरीचा असतो, फोनला मिळतात साधारण सहा-साडेसहा हजार. लेबलवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ असते, तीच खरी. जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये केबल स्वस्त मिळेल, पण क्रमांक तिथेही तसाच तपासावा.

सौंदर्यप्रसाधनांत तारीख आणि उघड्या डबीचं चिन्ह बघा. त्यात १२एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून १२ महिने. आयात मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांकही असतो. अत्तरं कागदी पट्टीवर मारून लगेच ठरवू नका. पट्टी खिशात ठेवा, सगळा फेरा संपल्यावर पुन्हा वास घ्या. अल्कोहोल उडाल्यावर जे उरतं तेच तुमच्या अंगावर राहणार. खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय सक्तीचं आहे. बटनसेल असलेलं खेळणं लहान मुलासाठी घेत असाल तर सेलच्या कप्प्याला स्क्रू आहे का पाहा. नुसतं नखाने उघडणारं झाकण असेल तर घेऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो.

आता संक्रांतीच्या वाणाचं. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं असतात आणि २५-३० नग एकसारखे हवे असतात. या दुकानात एका डिझाइनचे फळीवर सात-आठच सापडतात. बारकोडचा फोटो काउंटरवर दाखवा, स्टॉक किती शिल्लक आहे आणि आणखी कधी येणार ते संगणकात पाहून सांगता येतं. डिसेंबरातच विचारावं. मिळाले तर सगळे नग तिथेच उघडून बघा, ३० मध्ये दोन-तीन तडकलेले निघतातच. डझनावर घ्यायचं असेल तर मात्र राजवाड्याजवळचा राणीपुरा गाठा, तिथे भाव करता येतो. स्टीलच्या वाट्या-चमचे बर्तन बाजारातूनच आणावेत, जाडी हाताला कळते आणि नावही घालून मिळतं. मॉलमध्ये वाणासाठी खरं घेण्यासारखं म्हणजे छोटे हवाबंद डबे, पाउच, रुमाल, केसांचे क्लिप.

बिलाच्या रांगेत फळीवरच्या भावाचा फोटो हाताशी असू द्या आणि वस्तू स्कॅन होताना पडद्याकडे पाहा. मोबाइल नंबर मागतील. द्यायलाच हवा असं नाही. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानांना नंबरची सक्ती करू नका असं बजावलेलं आहे. कापडी पिशवी घरूनच न्या. पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: बदलून किती दिवसांत मिळतं, आणि पैसे परत मिळतात की नुसतं क्रेडिट नोट. अंतर्वस्त्रं, कानातली, उघडलेली प्रसाधनं सहसा बदलत नाहीत.

घरी आल्यावर बिलाचा फोटो लगेच काढा. थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाने आणि हाताच्या घामाने महिन्या-दोन महिन्यांत पुसट होतात. खोकी आणि टॅग बदलण्याची मुदत संपेपर्यंत ठेवा. एमआरपीपेक्षा जास्त घेतले किंवा सदोष वस्तू बदलून द्यायला नकार दिला, तर आधी बिल दाखवून दुकानाच्या मॅनेजरशी बोला. तिथे सुटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.