एकाच झाडाची तीस पानं

एम.एस्सी.च्या प्रकल्पात जलपर्णीची जनुकीय विविधता मोजायची होती, म्हणून मी मुठेच्या पात्रातून तिची तीस पानं आणली. डीएनए काढला, पीसीआर केला, म्हणजे त्यातल्या हव्या तुकड्यांच्या असंख्य प्रती काढल्या, मायक्रोसॅटेलाइटचे (झाडागणिक लांबी बदलणाऱ्या, त्याच त्या अक्षरांच्या डीएनए-तुकड्यांचे) आकडे आले, तर तिसांच्या तीस ओळी तंतोतंत सारख्या. वाटलं, नळ्यांचा घोळ झाला. मॅडमनी तक्ता पाहून एवढंच विचारलं, "किती अंतरावरून तोडलीस?" काठावर बसून हात पोचेल तिथून, हे सांगायची लाज वाटली. जलपर्णी आडवी खोडं सोडून पिल्लं वाढवत पसरते. मी एकाच झाडाची पिल्लं मोजत बसले होते.

गंमत अशी, की दूरदूरची झाडं घेतली असती तरी चित्र फार बदललं नसतं. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती बाहेरच्या देशांत बहुतेक ठिकाणी मोजक्याच क्लोनांची, म्हणजे एकाच झाडापासून वाढलेल्या हुबेहूब प्रतींची आहे. पण विविधता खरंच कमी असो की नमुने चुकीचे घेतलेले असोत, तक्त्यात दोन्ही सारखंच दिसतं. नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते वेगळं करून देत नाही.

म्हणून नवख्यांना मी गाजर गवत सुचवते. काँग्रेस गवत म्हणा, चटक चांदणी म्हणा. ते बियांनीच पसरतं, एका झाडाला हजारो बिया, त्यामुळे प्रत्येक रोप वेगळी व्यक्ती. तरी दोन झाडांत पाच-दहा मीटर अंतर ठेवाच, नाहीतर सगळी भावंडंच पिशवीत येतात. शिवाय प्रश्नही झकास आहे. पुण्याहून त्याची नोंद 1956 साली प्रसिद्ध झाली आणि पीएल-480च्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदतीच्या गव्हातून ते आलं ही गोष्ट घरोघरी पोचली. पण भारतात त्याची नोंद एकोणिसाव्या शतकातलीही आहे. मग ते एकदा आलं की अनेकदा? मूठभर बियांपासून सुरुवात झाली असेल तर दुर्मिळ अ‍ॅलील, म्हणजे जनुकांची क्वचित आढळणारी रूपं, गळून गेलेले दिसतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून पुन्हा पुन्हा आलं असेल तर मिसळ होऊन विविधता भरपूर राहते. मात्र मूळ प्रदेशाचे, म्हणजे मेक्सिकोकडचे नमुने तुलनेला नसतील तर "कुठून आलं" यावर प्रबंधात एक ओळही लिहू नका.

प्रसाराचं म्हणाल, तर हे गवत ट्रकच्या चाकांच्या चिखलातून, कडब्यातून, वाळूतून, शेणखतातून फिरतं. त्यामुळे शेजारच्या गावापेक्षा शंभर किलोमीटरवरचं झाड जवळचं नातेवाईक निघू शकतं. जीपीएस सगळेच टिपतात. तुम्ही बाजूला वाळूचा ढीग होता का, गुरांचा बाजार भरतो का, हेही वहीत लिहा. माझ्या वहीत ते नव्हतं, आणि दोन ठिकाणांचं नातं मला शेवटपर्यंत उलगडलं नाही.

बाकी किरकोळ. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घाला, या गवताने अंगावर भयंकर पुरळ उठतं. कोवळी पानंच घ्या. जून पानातल्या पॉलिफेनॉल नावाच्या रसायनांनी डीएनएचा गोळा तपकिरी होतो आणि पीसीआर रुसतो. डीएनए काढायच्या सीटॅबच्या द्रावणात पीव्हीपी, म्हणजे ही रसायनं धरून ठेवणारी पावडर, घातलं की बरंचसं निभावतं. पावसाळ्यात सिलिका जेल दोन दिवसांत दमट होते, रंग बदलला की लगेच बदला. आणि पाकिटांवर पेन्सिलीनेच लिहा. पेनाची शाई पहिल्या सरीत फुटते, मग लोणंद कुठलं नि फलटण कुठलं हे पानं काही सांगत नाहीत.