साइट व्हिजिटचा प्रवासखर्च टॅक्समध्ये दाखवायचाय? मग रोजच्या रोज लिहा

मी पुण्यात इंटिरियरची कामं घेते, साइट कधी साताऱ्याला तर कधी पार कोल्हापूरला. पहिल्या वर्षी सीएंकडे पिशवीभर बिलं नेऊन ओतली, त्यांनी टोलची एक पावती उचलून विचारलं, मॅडम हे जूनमध्ये साताऱ्याला कशाला गेला होता, आणि मला आठवेचना साइट होती की मावशीकडचं बारसं. पावती होती पण कशाची ते माहीत नाही, मग सोडून दिला तो खर्च.

आधी बघा तुम्हाला ही उठाठेव लागते का. इंटिरियर, आर्किटेक्ट, वकील, डॉक्टर अशा ठरावीक व्यवसायांना इन्कम टॅक्स कायद्यातलं ४४एडीए हे कलम आहे (१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, नंबर बदलला, सोय तीच). वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम उत्पन्न धरून टॅक्स भरायचा, त्यात प्रवासखर्च वेगळा वजा होत नाही. खरा खर्च निम्म्याहून जास्त असेल तरच हिशोबाची वही, आणि मग बहुतेकदा ऑडिटही. आणि हो, न्यू रिजीममध्ये खर्च वजाच होत नाही असं जे सगळीकडे सांगतात ते ८०सी वगैरे गुंतवणुकीच्या सवलतींचं, धंद्याचा खर्च जुन्या-नव्या दोन्ही रिजीममध्ये वजा होतो.

आता वही. माझी एक ओळ अशी असते: १४ जून, पुणे-सातारा-पुणे, २२६ किमी, किचन ट्रॉलीची मापं, टोल फास्टॅग, जेवण १८०. बास, पण त्याच संध्याकाळी लिहायचं, मार्च एंडला बसून लिहिलेली वही एकाच पेनाची एकाच दमात लिहिलेली दिसते आणि ती कुणालाही कळते.

गाडी घरची आणि कामाची एकच असेल तर १ एप्रिलला आणि ३१ मार्चला मीटरचा फोटो काढा. समजा वर्षात १२,००० किमी झाले, त्यातले वहीप्रमाणे कामाचे ७,८००, म्हणजे ६५ टक्के. पेट्रोल, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स मिळून १,४०,००० झाले तर ९१,००० धंद्याचे, गाडीचा घसाराही (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) त्याच हिशोबात. घरून स्वतःच्या ऑफिसला जाणं यात धरू नका.

पेट्रोल पंपाचं बिल, एसटीचं तिकीट हे सगळं थर्मल कागदावर, दोन-तीन महिन्यांत कोरं होतं, त्यामुळे गाडीत बसल्या बसल्या फोटो काढून महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकते. फास्टॅगचं स्टेटमेंट, ट्रेनच्या तिकिटाचा मेल, ओला-उबरचं बिल महिन्याला एकदा डाउनलोड. रिक्षावाला पावती देत नाही, तिथे स्वतःच व्हाउचर लिहून सही करते, शक्यतो पैसे यूपीआयनेच देते. हॉटेलचं बिल मात्र स्वतःच्या किंवा फर्मच्या नावावर मागा, मित्राच्या नावावरच्या बिलाचा काही उपयोग नाही.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक, भाड्याच्या गाडीवाल्याला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च धरतच नाहीत, ट्रान्सफर करा. दुसरं, क्लायंटने प्रवासाचे पैसे वेगळे दिले असतील आणि ते तुम्ही जमेत धरले नसतील तर तोच खर्च परत वजा करू नका, बँकेच्या एंट्रीत ते लगेच दिसतं.

आणि साताऱ्याला साइटवर जाताना मावशीकडे जेवून आलात तर खुशाल या, फक्त जेवणाचे १८० लिहू नका.