लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलसाठी हँडलोड कसा बसवायचा

हँडलोडिंगला, म्हणजे काडतुसं स्वतःच भरायला, हात घातला की जो तो पहिलं विचारतो पावडर कुठली आणि किती ग्रेन (पावडरच्या वजनाचं माप), पण ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, फाकतो तो बऱ्याचदा केसमुळे (काडतुसाचं कवच), म्हणून सुरुवात तिथूनच करा. एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या 50 केस घ्या, त्या तुमच्याच रायफलीत एकदा फायर झालेल्या असतील तर उत्तमच, कारण फायर झालेली केस तुमच्या चेंबरचं माप घेऊनच बाहेर येते.

साइझिंगला, म्हणजे फायर झालेली केस डायमध्ये (साच्यात) दाबून परत मापात आणायला, घाई नको. डाय मुद्दाम थोडा वर ठेवा, केस साइझ करा, कंपॅरेटर (मोजमापाचं साधन) लावून खांद्याचं, म्हणजे केस तोंडाकडे निमुळती होते त्या उताराचं, माप घ्या, डाय जरासा खाली फिरवा, परत माप. फायर झालेल्या मापापेक्षा खांदा साधारण 0.002 इंच मागे गेला की थांबा आणि लॉक रिंग आवळून टाका. यापेक्षा खूप मागे ढकलला तर केस दरवेळी ताणली जाते आणि बुडाजवळ पातळ होत होत एक दिवस तुटते. मग सगळ्या केस एका लांबीला ट्रिम करा, तोंडाची धार मोडा. प्रायमर (केसच्या बुडातली पावडर पेटवणारी टोपी) मी हाताच्या टूलनेच बसवतो, तळाला टेकला की बोटांना कळतं, वरून नख फिरवलं तर तो बुडापेक्षा किंचित खाली लागला पाहिजे.

आता पावडर. टेबलावर एका वेळी एकच डबा, दुसरा कपाटात. आकडा फक्त छापील मॅन्युअलमधला किंवा पावडर कंपनीचा, कुणी तोंडी सांगितलेला नाही, आणि सुरुवात तिथल्या स्टार्ट लोडपासून (दिलेली सगळ्यात कमी पावडर), मग लहान लहान पायऱ्यांनी वर. मॅक्सिमम ओलांडायचा नाही. बोल्ट जड उचलायला लागला, प्रायमर चपटा झाला, बुडावर चकचकीत ठसा उमटला तर तिथेच थांबायचं, पण ही लक्षणं दिसली नाहीत म्हणजे प्रेशर ठीक आहे असं मुळीच नाही, कित्येकदा ती फार उशिरा दिसतात. बुलेट, प्रायमर, केस, पावडरचा लॉट, यातलं काहीही बदललं की परत खालून सुरू.

तीन गोळ्यांचा ग्रुप फसवतो, एकदम फसवतो. जो लोड बरा वाटतोय त्याच्या निदान 10 गोळ्या क्रोनोग्राफवरून (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मारा. वेगात 15 मीटर प्रति सेकंद फरक असला तरी 100 मीटरवर काही कळत नाही, 500 वर मात्र तोच ग्रुपला उभं ताणतो.

सीटिंग डेप्थ, म्हणजे बुलेट केसमध्ये किती खोल बसते ते, मोजताना बुलेटच्या टोकावरून मोजू नका, टोकं एकसारखी नसतात, ओजाइव्हवरून (टोकामागचा वळणदार भाग) मोजा. रायफलिंगपासून (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचा) 0.020 इंच मागे ठेवून सुरुवात करा, मॅगझिनमध्ये बसतंय ना तेही बघा. शिकारीच्या लोडमध्ये बुलेट रायफलिंगमध्ये रुतवायची नाही, एक तर प्रेशर वाढतं, आणि दुसरं म्हणजे रायफल रिकामी करायला बोल्ट ओढला की बुलेट बॅरलमध्येच अडकते, केस तेवढी बाहेर येते आणि सगळी पावडर ॲक्शनमध्ये सांडते, ऐन रानात.

थंड हवेत बसवलेला लोड कडक उन्हात परत तपासा, गरम पावडर वेग आणि प्रेशर दोन्ही वाढवू शकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जनावरावर जाते ती थंड बॅरलमधली पहिली गोळी. म्हणून एकच टार्गेट जपून ठेवा, दर खेपेला रेंजवर गेलात की त्यावर पहिली एकच गोळी मारा, असे 8-10 दिवस झाले की जो ग्रुप दिसेल तो तुमचा खरा ग्रुप. बुलेट लागल्यावर फुलण्यासाठी किमान वेग किती लागतो ते कंपनी देते, तुमचा वेग किती अंतरावर त्याच्याखाली जातो ते बॅलिस्टिक टेबलमध्ये काढा, ग्रुप कितीही घट्ट असला तरी त्यापुढे जनावरावर गोळी टाकायची नाही, ते जखमी होऊन जाईल. हे अंतर आणि सगळे लॉट नंबर काडतुसांच्या डब्यावरच लिहून ठेवा.