ग्राहकाने केस उघडली तर: ऑनलाइन विक्रीतले वाद, रिटर्न आणि रिफंड

ऑनलाइन विकलेल्या मालाबद्दल तक्रार आली की विक्रेत्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, हा ग्राहक खरं बोलतोय की खोटं? प्रश्न साहजिक आहे, पण निकाल त्यावर लागत नाही. प्लॅटफॉर्मवर, म्हणजे ज्या साइटवरून तुम्ही माल विकता तिथे, केस (ग्राहकाने रीतसर नोंदवलेली तक्रार) तपासणारा कर्मचारी ना तुम्हाला ओळखतो, ना ग्राहकाला. त्याच्यासमोर फक्त ऑर्डरची नोंद, ट्रॅकिंग, फोटो आणि दोघांमधले मेसेज असतात. म्हणून दोन गोष्टी सांभाळायच्या: पुरावा वेळेवर तयार ठेवायचा, आणि पैशांचा कुठलाही व्यवहार त्या ऑर्डरच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही.

पार्सल बंद करण्याआधी

वस्तूचे आठ-दहा फोटो काढा. सगळ्या बाजू, सीरियल नंबर, चालू स्थितीतला पडदा किंवा दिवा, आणि प्रत्येक ओरखडा जवळून. दोषाचा फोटो टाकला तर माल विकला जाणार नाही अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात लपवलेला ओरखडा हे रिटर्नचं सगळ्यात सोपं कारण ठरतं आणि दाखवलेला ओरखडा केसमध्ये तुमच्या बाजूने बोलतो.

लिस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तूच्या विक्रीच्या पानावर, 'स्थिती' निवडताना घाई नको. ईबे या ऑनलाइन बाजारावर 'वापरलेली' याचा अर्थ वस्तू जुनी आहे पण व्यवस्थित चालते, असा धरला जातो. तपासून न पाहिलेला कॅमेरा तिथे टाकून खाली 'चाचणी केलेली नाही' असं लिहिलं तरी ते वाक्य तुम्हाला वाचवत नाही. अशा वस्तूसाठी 'सुट्या भागांसाठी किंवा बंद' हीच स्थिती निवडायची. 'रिटर्न नाही' या ओळीचंही तसंच आहे. ग्राहकाचं मन बदललं तर ती चालते. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार आली की मोठ्या प्लॅटफॉर्मवर तिला काही किंमत राहत नाही.

पॅक करताना एकसलग व्हिडिओ घ्या: सीरियल नंबर, वस्तू चालू करून दाखवणं, डब्यात ठेवणं, टेप, पत्त्याचं लेबल आणि शेवटी वजनकाट्यावरचा आकडा. मध्ये कट नको. अनेक ठिकाणी केसमध्ये फक्त फोटो किंवा पीडीएफ चढवता येतात, म्हणून व्हिडिओतून या टप्प्यांचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. वजनाचा आकडा बारीकसा वाटतो, पण 'डबा रिकामा होता' या तक्रारीवर त्याहून चांगलं उत्तर नाही. कुरियरच्या नोंदीत १.९ किलो असेल आणि रिकामा डबा ४०० ग्रॅमचा असेल, तर पार्सल कुरियरच्या हाती गेलं तेव्हा ते रिकामं नव्हतं हे तिसऱ्याच पक्षाच्या नोंदीतून दिसतं.

नाजूक वस्तूच्या चारही बाजूंना, वर आणि खाली किमान ५ सेंटीमीटर भरण ठेवा. डबा हलवल्यावर आतून आवाज येता कामा नये. वाटेत तुटलेल्या मालाची जबाबदारी ग्राहकाच्या दृष्टीने तुमचीच असते. नंतर कुरियरकडे विम्याचा दावा करता येतो, पण पॅकिंग अपुरं होतं असं कारण देऊन तो नाकारला जाऊ शकतो.

पत्ता ऑर्डरमध्ये आहे तोच. पैसे भरल्यानंतर 'दुसऱ्या पत्त्यावर पाठवा' असा मेसेज आला तर ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्याने पुन्हा घ्यायला सांगा. पत्ता बदलून पाठवलेलं पार्सल विक्रेत्याच्या संरक्षणातून, म्हणजे वादात विक्रेत्याचे पैसे वाचवणाऱ्या नियमांतून, बाहेर पडतं. महागड्या मालासाठी सहीची पोच घ्या. ठराविक रकमेच्या वरच्या व्यवहारात पेपाल ही ऑनलाइन पेमेंट सेवा विक्रेत्याला संरक्षण देण्यासाठी ती मागते.

तक्रार आली: आधी प्रकार ओळखा

उत्तर २४ तासांत द्या, मग ते एका ओळीचं का असेना. ईबेवर तक्रार सोडवायला विक्रेत्याला ३ कामाचे दिवस मिळतात, त्यानंतर ग्राहक ईबेला मध्ये बोलावू शकतो. मुदत चुकली तर पुरावा कितीही भक्कम असला तरी तो वाचलाच जाईल याची खात्री नाही. बोलणं प्लॅटफॉर्मच्या मेसेजमध्येच ठेवा. फोनवर मिटलेली गोष्ट केसमध्ये दिसत नाही. ग्राहकाने फोन केलाच तर लगेच लिहून पाठवा: 'आत्ताच्या बोलण्यानुसार तुम्ही वस्तू परत पाठवणार आहात आणि ती मिळाल्यावर मी पूर्ण रक्कम परत करणार आहे. बरोबर आहे ना?'

माल मिळालाच नाही

पहिल्यांदा ट्रॅकिंग उघडा. तिथे दोनच शक्यता महत्त्वाच्या आहेत.

ट्रॅकिंग मध्येच अडकलं असेल तर कुरियरकडे शोधतपास नोंदवा आणि तपासाचा क्रमांक ग्राहकाला कळवा. अंदाजे पोचण्याची तारीख उलटून गेली आणि पोच नाही, तर ही केस तुम्ही हरणार हे मान्य करून रिफंड द्या आणि आपले पैसे कुरियरकडून वसूल करण्याच्या मागे लागा. ग्राहकाला तपास संपेपर्यंत ताटकळत ठेवणं योग्य नाही. कुरियरशी व्यवहार तुमचा आहे, त्याचा नाही. घाईत रिफंड आणि दुसरं पार्सल असं दोन्ही करू नका. हरवलेली पार्सलं पुष्कळदा उशिरा सापडतात.

ट्रॅकिंगवर 'पोचलं' असं असेल तर ग्राहकावर आरोप न करता विचारा: घरातल्या दुसऱ्या कोणी घेतलं का, शेजारी, सुरक्षारक्षक, कुरियरचं जवळचं केंद्र? त्याच वेळी कुरियरकडून पोचवल्याचा फोटो, सही आणि ठिकाणाची नोंद मागवा. ग्राहक ऐकत नसेल तर ट्रॅकिंग क्रमांक केसमध्ये टाका आणि प्लॅटफॉर्मलाच निर्णय घेऊ द्या. ऑर्डरच्या पत्त्यावर पोच दाखवणारं ट्रॅकिंग असेल तर निकाल सहसा विक्रेत्याच्या बाजूने लागतो. इथे दया म्हणून अर्धी रक्कम देऊ केली तर ती चूक कबूल केल्यासारखी वाचली जाते.

वस्तू वर्णनाप्रमाणे नाही

सगळ्यात जास्त वाद इथे होतात आणि विक्रेत्यांचं सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं, कारण इथे भांडावंसं वाटतं. पहिला मेसेज असा पुरतो:

'अडचण झाली त्याबद्दल दिलगीर आहे. कृपया दोषाचे दोन-तीन फोटो, सीरियल नंबरचा फोटो आणि डब्याच्या सहाही बाजूंचे फोटो पाठवा. पॅकिंग टाकून देऊ नका, कुरियरच्या दाव्यासाठी लागेल. फोटो मिळाले की आजच पुढचं ठरवू.'

फोटो तुमच्या फोटोंशेजारी ठेवून पाहा. काही वेळा दोष नसतोच. केबल नीट बसलेली नसते, बॅटरी चार्ज नसते, जुनं खातं लॉग आउट केलेलं नसतं. फोन किंवा लॅपटॉप विकताना स्वतःचं खातं काढायला विसरल्यामुळे 'बंद वस्तू' म्हणून आलेल्या तक्रारी एका सूचनेने मिटतात.

दोष खरा असेल, किंवा तो खोटा असल्याचं सिद्ध करता येत नसेल, तर रिटर्न स्वीकारा. परतीचा खर्च तुमचा, आणि रिफंड मूळ पाठवणीच्या खर्चासह. रिटर्न नाकारलं तर अनेकदा प्लॅटफॉर्म स्वतः रिफंड देतो आणि वस्तूही परत येत नाही. म्हणूनच 'आधी वस्तू परत, मग पैसे' हा तुमचा सगळ्यात मोठा हक्क आहे. तो हट्टापायी घालवू नका. परतीच्या पार्सलचं लेबल ट्रॅकिंगवालंच द्या.

परत आलेलं पार्सलही एकसलग व्हिडिओत उघडा: आधी बंद डबा आणि वजन, मग सीरियल नंबर, मग चाचणी. ईबेवर वस्तू परत मिळाल्यापासून २ कामाच्या दिवसांत रिफंड द्यावा लागतो, म्हणून डबा आला त्याच दिवशी तपासा. वेगळीच वस्तू, काढलेले भाग किंवा रिकामा डबा आला तर रिफंडचं बटण दाबू नका. मुदतीच्या आत दोन्ही सीरियल नंबरचे फोटो शेजारी-शेजारी लावून प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा. किमती मालाच्या बाबतीत पोलिस तक्रारीची प्रतही मागितली जाऊ शकते.

अर्धवट रिफंड कधी परवडतो

छोट्या दोषासाठी वस्तू ग्राहकाकडेच ठेवून काही रक्कम परत करणं दोघांनाही सोयीचं असतं, पण आकडा भावनेने ठरवू नका. विक्रीची किंमत १०० धरा. परतीचा खर्च १२, आणि परत आलेली वस्तू पुन्हा विकली तर ७० मिळतील. म्हणजे पूर्ण रिटर्नमध्ये तुमचं नुकसान ३० अधिक १२, एकूण ४२. पुन्हा पॅक करून पाठवण्याचा खर्च वेगळा. तेव्हा ४२ च्या आतला अर्धवट रिफंड तुम्हाला रिटर्नपेक्षा स्वस्त पडतो. सुरुवात दोषाच्या प्रमाणात करा, १५ किंवा २० पासून.

ही ऑफर केसच्या आतूनच द्या, म्हणजे ग्राहकाने स्वीकारली की केस बंद होते. बाहेर मेसेजमध्ये ठरवून रक्कम पाठवली तर तोच ग्राहक उरलेल्या रकमेसाठी पुन्हा केस उघडू शकतो. 'इतके परत करा नाहीतर वाईट रेटिंग देईन' असा मेसेज आला तर तो तसाच प्लॅटफॉर्मला कळवा. उलट बाजूने, रिफंडच्या बदल्यात चांगलं रेटिंग मागणं हेही नियमाबाहेरचं आहे, ते लिहून स्वतःची बाजू कमकुवत करू नका.

पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत

हा नियम कधीही मोडू नका. रिफंड मूळ व्यवहारावरच्या रिफंडच्या बटणानेच द्या. 'ते कार्ड बंद झालंय, या दुसऱ्या खात्यावर पाठवा' अशी विनंती आली तर नम्रपणे नकार द्या. वेगळं पाठवलेले पैसे सिस्टिमला दिसत नाहीत, तिच्या नजरेत ऑर्डरचा रिफंड बाकीच राहतो आणि तीच रक्कम तुमच्याकडून दुसऱ्यांदा वसूल होते. 'चुकून जास्त पैसे भरले, फरक परत करा' ही फसवणूक याच फटीतून चालते: मूळ पैसे चोरीच्या कार्डाचे असतात आणि नंतर पूर्ण रक्कम मागे घेतली जाते. पैसे आल्याचा ईमेल खरा आहे का हे त्यातल्या लिंकवरून नव्हे, स्वतः खात्यात लॉग इन करून पाहा.

चार्जबॅक

ग्राहक प्लॅटफॉर्मकडे न जाता थेट आपल्या कार्डाच्या बँकेकडे गेला की तो चार्जबॅक. इथे निर्णय बँकेचा, प्लॅटफॉर्म फक्त तुमची कागदपत्रं पुढे पोचवतो. रक्कम आधीच तुमच्या खात्यातून अडकवली जाते आणि वर शुल्कही लागू शकतं. चार्जबॅक चालू असताना वेगळा रिफंड देऊ नका, दोनदा पैसे जातील. देणं योग्यच वाटत असेल तर चार्जबॅक 'मान्य' करा.

उत्तर लिहिण्याआधी चार्जबॅकवर दिलेला कारणाचा कोड पाहा. व्हिसाचा १३.१ म्हणजे माल मिळाला नाही, १३.३ म्हणजे वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष, १०.४ म्हणजे कार्डधारक म्हणतो की ही ऑनलाइन खरेदी मी केलीच नाही. मास्टरकार्डमध्ये ४८५३ हा ग्राहकाच्या तक्रारींचा आणि ४८३७ हा परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराचा. १३.१ ला वस्तूचे दहा फोटो पाठवून काही होत नाही, तिथे पोच लागते. १३.३ ला लिस्टिंगचं वर्णन, फोटो आणि तुम्ही रिटर्न देऊ केल्याचा मेसेज लागतो. १०.४ मध्ये त्याच ग्राहकाच्या आधीच्या निर्विवाद ऑर्डर, त्याच पत्त्यावरची पोच आणि त्याच्याशी झालेलं बोलणं कामाला येतं.

पहिल्या पानावर तारखांसह पाच-सहा ओळी लिहा: ऑर्डर कधी, पाठवलं कधी, पोचलं कधी, ग्राहकाने काय म्हटलं, तुम्ही काय उत्तर दिलं. मागे पुरावे त्याच क्रमाने. बँकेतला माणूस हे भराभर वाचतो. ग्राहकाच्या स्वभावाबद्दल एकही शब्द नको.

निकालानंतर

निकाल विरुद्ध गेला आणि हातात नवा पुरावा असेल तर अपील करा. ईबेवर केस बंद झाल्यापासून ३० दिवस मिळतात. जुनंच म्हणणं जोरात मांडल्याने निकाल बदलत नाही. उशिरा आलेली पोच किंवा कुरियरचं पत्र याने बदलू शकतो. रिफंड दिल्यावर प्लॅटफॉर्मचं कमिशन परत जमा झालं का ते तपासा. पेमेंटचं शुल्क बहुतेकदा परत येत नाही, हे किंमत ठरवतानाच धरा.

महाग वस्तूचे आलेले सगळे पैसे लगेच काढून खर्च करू नका. पेपालवर ग्राहक पैसे भरल्यापासून १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो आणि व्हिसाच्या अनेक प्रकारच्या वादांची मुदत १२० दिवसांची असते. फोटो, व्हिडिओ आणि पोचपावत्या ऑर्डर क्रमांकाच्या नावाने फोल्डरमध्ये ठेवा आणि हे १८० दिवस उलटेपर्यंत एकही पुसू नका.