तांबट आळीची छायाचित्रे पोस्टरसाठी काढताय? या चुका टाळा

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत शिरताच दुकाने नजरेस पडण्याआधी हातोडीचे ठोके कानावर येतात. तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके देऊन पत्र्याला बळकटी आणि झळाळी आणण्याच्या या कामाला मठारकाम म्हणतात. या पेठेची छायाचित्रे मोठ्या पोस्टरांच्या रूपात पेठेतल्याच भिंतींवर लावण्याचा उपक्रम हाती घेणारी मंडळी कॅमेरा आणि लेन्स यांवर तासन्‌तास चर्चा करतात, मात्र पोस्टर कोणत्या भिंतीवर लागणार हा प्रश्न छपाईच्या आदल्या दिवसापर्यंत लांबणीवर टाकतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या उलट्या क्रमातूनच होतात.

पहिली चूक आकाराची. छापखान्यात पोस्टरसाठी सहज मिळणारा कागद 20 × 30 इंचांचा असतो. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने उभे छायाचित्र काढले, तर 4000 × 6000 पिक्सेल मिळतात आणि त्या कागदावर इंचाला 200 पिक्सेल पडतात. चार-पाच फुटांवरून पाहण्याच्या पोस्टरला एवढे पुरेसे आहे. तेच दृश्य आडवे टिपून नंतर त्यातून उभा तुकडा कापला, तर इंचाला जेमतेम 133 पिक्सेल उरतात, म्हणजे रिकाम्या जागेच्या हव्यासापायी एक तृतीयांश बारकावा हातचा जातो. शीर्षकासाठी लागणारी मोकळी जागा छायाचित्र काढतानाच सोडावी आणि कडेची छाटणी गृहीत धरून भांड्याची कड किंवा माणसाचा हात चौकटीला चिकटू देऊ नये. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रत छापखान्याला कधीही देऊ नये, हे अजूनही सांगावे लागते.

वाड्यांच्या बाबतीत नेहमीची तक्रार अशी की, इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. बोळ अरुंद असल्याने आपण कॅमेरा वर उचलतो आणि उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींजवळ सरकतात. संगणकावर त्या सरळ करता येतात, परंतु त्या खटाटोपात चौकटीच्या कडा कापल्या जातात. समोरच्या घरातल्या मंडळींना विनंती करून त्यांच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून कॅमेरा सपाट धरला, तर हे काम निम्म्याने कमी होते. शिवाय खिडकीपर्यंत पोहोचताना चहा मिळतो आणि वाड्याची माहितीही मिळते.

खरी कसोटी मात्र तांब्याची आहे. चौकटीत तांबे अधिक असले की कॅमेऱ्याचे स्वयंचलित रंगसंतुलन त्या नारिंगी छटेला दोष समजते आणि ती मारायला जाते, त्यामुळे तांबे फिके पडते आणि मागची चुन्याची भिंत निळसर होते. त्यातच दारातून येणारा दिवसाचा प्रकाश आणि आत जळणारी ट्यूब यांचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत. शक्य असल्यास ट्यूब थोडा वेळ बंद करण्याची विनंती करावी, नंतर रंग जुळवायला आधार म्हणून करड्या कार्डाचे एक छायाचित्र आधी काढून ठेवावे आणि मूळ चित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या फाइलींत, जपावीत. भांड्यावरची लखलखती तिरीप एकदा पांढरीफटक झाली की नंतर तिच्यात काही परत आणता येत नाही, म्हणून प्रकाश किंचित कमीच ठेवलेला बरा.

ट्यूब चालू ठेवणे भागच असेल, तर छायाचित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. आपल्याकडचा वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. हातोडी स्थिर दिसावी म्हणून शटरचा वेग 1/500 सेकंदावर नेला की हे लुकलुकणे पट्ट्यांच्या रूपात पकडले जाते. शटर 1/100 सेकंदावर, म्हणजे एका पूर्ण लुकलुकण्याइतके, ठेवून हातोडी वर पोहोचून क्षणभर थबकते तो क्षण साधावा. कारागिराचा ठोका लयीत पडत असल्याने, पाच मिनिटे नुसते ऐकले तरी तो क्षण हाताला कळू लागतो.

एवढे सांभाळूनही आमच्या अशाच उपक्रमाच्या पहिल्या नमुनाप्रतीतले तांब्याचे घंगाळ मातीच्या माठासारखे आले होते. पडद्यावर दिसणारा झळझळीत नारिंगी रंग छपाईच्या चार शाईंमध्ये पूर्ण उतरतच नाही. दोष छापखान्याचा नव्हता. आम्ही पडद्यावरच्या रंगांचे छपाईच्या शाईंत रूपांतर शेवटच्या क्षणी आणि न पाहता केले होते. छापखान्याकडून त्यांच्या कागदाचे रंगप्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल, आधी घ्यावे, पडद्यावर त्यानुसार चित्र तपासावे आणि सगळा गठ्ठा छापण्यापूर्वी निदान एक पट्टी खऱ्या कागदावर काढून घ्यावी. उन्हात पिवळी आणि किरमिजी शाई सर्वांत आधी उडते आणि तांब्याचा रंग नेमका याच दोन शाईंवर उभा असतो, म्हणून अशी पोस्टरे पश्चिमेच्या उन्हात न लावता सावलीतल्या भिंतीवर लावावीत.

परवानगीबाबत थोडक्यात सांगायचे, तर भिंतीच्या मालकाची लेखी संमती घ्यावीच. परवानगीवाचून सार्वजनिक ठिकाणी पोस्टर चिकटवणे 1995 च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा ठरू शकते, त्यामुळे महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाकडेही आधी जावे. भिंतीवर कोणी रंगवलेले चित्रच आपल्या पोस्टरचा मुख्य विषय होणार असेल, तर त्या चित्रकाराला विचारावे. इमारतींच्या छायाचित्रांना प्रताधिकार कायद्यात जी मोकळीक आहे, ती भिंतीवरच्या रंगचित्रांना लागू होत नाही.

कारागिराची संमती मात्र कागदावरच्या सहीने संपत नाही. त्याचा चेहरा त्याच्याच आळीत महिनोन्‌महिने लागून राहणार असतो, त्यामुळे नमुनाप्रत त्याला दाखवल्याखेरीज छपाईला हिरवा कंदील देऊ नये. आमच्या मांडणीकाराने शीर्षक डावीकडे बसावे म्हणून एक छायाचित्र आरशासारखे उलटवले होते. चौकटीत पाटी नसल्याने आम्हा चौघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही. नमुनाप्रत घेऊन आळीत गेलो, तेव्हा काकांनी हातातली हातोडी खाली ठेवली, कागद दाराच्या उजेडात धरला आणि विचारले, “चेहरा माझाच आहे, पण हा डावखुरा कोण?”