सोलापुरात कोरलची मिश्र टाकी: सगळा हिशोब उडणाऱ्या पाण्याचा

मे महिन्यात घरातल्या कोरलच्या (प्रवाळाच्या) २५० लिटर खाऱ्या पाण्याच्या टाकीवर पंखा लावला की सोलापूरच्या कोरड्या हवेत दिवसाला ५ लिटरच्या आसपास पाणी उडून जातं. मीठ मात्र एक ग्रॅमही उडत नाही. टाकी थंड राहते ती या उडण्यामुळे, खारटपणा बिघडतो तोही त्यामुळेच, आणि पुढे कोरलला कॅल्शियम द्यायची वेळ आली की पुन्हा हाच आकडा आडवा येतो. मुंबईच्या दमट हवेतल्या टाकीचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते याच कारणाने.

खाली धरलेली टाकी ४ × १.५ × १.५ फुटांची, १२ मिमी काचेची, खाली ५०-६० लिटर पाणी मावेल असा सम्प, म्हणजे मुख्य टाकीला नळ्यांनी जोडलेली दुसरी छोटी टाकी. दगड-वाळूने अडवलेली जागा वजा केली तर एकूण पाणी साधारण २५० लिटर भरतं. मिश्र टाकी म्हणजे मऊ कोरल, मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक फुलासारखा जीव) दगडी कोरल आणि लहान पॉलिपची दगडी कोरल एकाच पाण्यात.

खरेदीआधी कायदा

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी कोरल, काळं पोवळं, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. समुद्रघोडे आणि राक्षसी शिंपलेही त्यातच येतात. त्यामुळे लक्षद्वीप, अंदमान किंवा मन्नारच्या आखातातून काढलेला तुकडा घरात ठेवता येत नाही. शोभेसाठी विकला जाणारा वाळलेला पांढरा सांगाडाही नाही. परदेशातून आलेलं दगडी कोरल घ्यायचं तर आयात परवाना आणि साइट्सची (CITES, धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं मागायची, आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची. कागद नसतील तर तुकडा कितीही स्वस्त असो, सोडून द्यायचा.

कधी सुरू करायचं

दिवाळीनंतर. पाणी तेव्हा भरलं की जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत टाकीचं नायट्रोजन चक्र (जिवाणूंनी विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणं) बसतं आणि उन्हाळा लागायच्या आत मऊ कोरल रुळतात. मार्चमध्ये सुरू केलेली टाकी जिवाणू, शेवाळ आणि उष्णता या तिन्हींशी एकाच वेळी झुंजत बसते. लहान पॉलिपच्या कोरलला, विशेषतः अॅक्रोपोराला, पहिला उन्हाळा निभावून नेल्याशिवाय हात लावू नये. हे अनेकांना पटत नाही. पैसे त्यांचे.

जागा

भरलेली टाकी, दगड, स्टँड आणि सम्प मिळून वजन ४०० किलोच्या घरात जातं. ती भिंतीलगत, खाली तुळई असेल अशा बाजूला ठेवायची. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहानंतरही खोलीत उष्णता ओततो, म्हणून तळमजला आणि आतली खोली उत्तम; पश्चिमेची भिंत टाळायची. स्वयंपाकघर आणि देवघरापासूनही लांब, कारण फोडणीचा धूर आणि उदबत्ती दोन्ही पाण्यावर तवंग धरतात. डासांची कॉइल आणि झुरळांचा फवारा टाकीच्या खोलीत पूर्ण बंद. यंत्रमागाच्या वस्तीत घर असेल तर सुताचा भुरका पंख्यात आणि ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं वरचं पाणी सम्पमध्ये उतरण्याची वाट) जाळीत अडकतो. आठवड्याला साफ करावा लागतो.

पाणी

नळाचं उजनीचं असो, टँकरचं असो की बोअरचं, सरळ टाकीत एक तांब्याही जाता कामा नये. नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि मध्ये गरज पडली की बोअर किंवा टँकर; म्हणजे दर खेपेला पाणी वेगळं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर हातात धरल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चवीला गोड लागतं, पण त्यात टीडीएस शिल्लक असतो, आणि त्या शिल्लक भागात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट असू शकतं. आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा) डबा जोडून आकडा ० वर आणायचा. ० चा १-२ झाला की रेझिन बदलायचं. आधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदलला नाही तर क्लोरीन आरओची मेंब्रेन खातं. डीआय केलेल्या पाण्याचा १०० लिटरचा झाकणाचा ड्रम कायम भरलेला हवा. आरओतून वाया जाणारं पाणी भांडी, फरशी, संडासाला वापरावं. इथे पाण्याची चैन कुणालाच नाही.

मीठ रीफसाठीचंच, म्हणजे कोरलच्या टाकीसाठी बनवलेलं. लिटरला साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे २५ लिटरच्या कॅनला ९२५ ग्रॅम. पाणी आधी, मीठ नंतर आणि थोडं थोडं. उलटं केलं तर कॅल्शियम पांढरं होऊन तळाला बसतं. रात्रभर छोटा पंप फिरवायचा. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणावर लावून घ्यावा. टाकी भरायला सव्वानऊ किलो मीठ लागेल.

दगड २० किलो, कोरडा आणि सच्छिद्र. आधी दगड थेट काचेवर टेकवायचे, मगच १-२ मिमी अरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू सुमारे २० किलो, अडीच सेंटीमीटर जाडीची. वाळूवर दगड रचला तर मासा खालून उकरतो आणि एका रात्री ढीग कोसळतो, काचेवरही. भीमेची वाळू, बांधकामाची खडी किंवा मार्बलचे तुकडे वापरू नयेत.

चक्र बसवायला अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर (दशलक्षात २ भाग) न्यायचा, बाटलीतले जिवाणू सोडायचे, दिवे बंद ठेवायचे. टाकलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य झालं की पाणी तयार. ४ ते ६ आठवडे धरून चालावं.

यंत्रं

परतीचा पंप (सम्पमधलं पाणी वर टाकीत नेणारा) उंची धरून ताशी १२०० ते १८०० लिटर देणारा. वेव्हमेकर (टाकीतलं पाणी फिरवणारे पंप) दोन, मिळून ताशी ६,००० ते ८,००० लिटर, समोरासमोर आणि एका टोकाला संथ कोपरा राहील असे. स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) ३०० लिटरसाठीचा. दिवा मोजून लावायचा: वाळूपाशी ५०-१०० पार (PAR, कोरलमधल्या शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप), मध्ये १००-१५०, वरच्या दगडावर २००-३००. निळा प्रकाश ९ तास, पूर्ण प्रकाश ५-६ तास. नवीन दिवा निम्म्या ताकदीवर सुरू करून महिन्याभरात वर न्यायचा.

वीज गेली की टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंत खाली उतरतं. ४ × १.५ फुटांच्या पृष्ठभागावर २ सेंटीमीटर म्हणजे ११ लिटर. सम्पमध्ये १५-२० लिटरची रिकामी जागा नसेल तर ते पाणी फरशीवर येतं. परतीच्या नळीचं तोंड पृष्ठभागाच्या अगदी खाली ठेवायचं किंवा तिथे ५ मिमीचं भोक पाडायचं, नाहीतर नळी उलटी ओढत राहते. पहिल्याच दिवशी मुद्दाम स्विच बंद करून बघा.

वीज गेल्यावर पहिली टंचाई ऑक्सिजनची. पाणी जितकं गरम तितका त्यात तो कमी मावतो, आणि भारनियमनाची दुपार ही नेमकी गरम असते. डीसी वेव्हमेकर २०-३० वॉटचा असतो. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवर बॅटरी चांगली असेल आणि घरचं बाकी काही तिच्यावर नसेल तर तो दिवसभर चालतो. पंखा, टीव्ही आणि फ्रिज इन्व्हर्टरवर असतील तर टाकीसाठी वेगळी बॅटरी ठेवा. घरच्या साध्या विजेवर (एसी करंटवर) चालणारा पंप लावायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा.

उन्हाळा

लक्ष्य २५ ते २७ अंश. दोन-तीन आठवडे ३० च्या वर राहिलं तर कोरल आपल्या ऊतीतली एकपेशीय शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. एका दिवसात ३ अंशांचा चढउतारही दगडी कोरलवर ताण आणू शकतो.

एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता घेतं तेवढी २५० लिटर पाण्याला २.३ अंश थंड करायला पुरते. खोलीची उष्णता सतत परत येत असल्याने तेवढा फायदा हाती लागत नाही, तरी पृष्ठभागावर तिरके फुंकणारे १२ सेंटीमीटरचे दोन पंखे टाकी ३-४ अंश खाली ठेवतात. म्हणून नियम सोपा: खोली ३० च्या आत राहत असेल तर पंखे पुरे. खोली ३५ ला जात असेल तर पाव हॉर्सपॉवरचा चिलर किंवा खोलीला एसी, दुसरा मार्ग नाही. चिलर गरम हवा बाहेर फेकतो; तो स्टँडच्या कपाटात कोंडला तर स्वतःच्याच उष्णतेशी भांडत राहतो. आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर? तो खोली थंड करतो, पण हवेत ओल भरतो, मग पाणी कमी उडतं आणि पंखे नावाला फिरतात. कूलर दुसऱ्या खोलीत असू दे. जून-सप्टेंबरमध्येही हेच होतं: बाहेर ऊन कमी, पण दमट हवेत पंख्याचा जोर निम्मा. हिवाळ्यात उलट, गड्ड्याच्या दिवसांत रात्री पारा १५-१६ ला येतो, तेव्हा २०० वॉटचा हीटर २५ वर लावलेला असावा.

उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं डीआय पाणीच घालायचं, खारं नाही. ५ लिटर उडालं की खारटपणा ३५ चा ३५.७ होतो, दोन दिवस विसरलात तर ३६.५. फ्लोट स्विचचा स्वयंचलित भरणा घ्या, पण त्याचा डबा २० लिटरहून मोठा नको. स्विच अडकून २० लिटर एकदम आलं तर खारटपणा ३२.४ वर येतो, टाकी तगते. १०० लिटरच्या ड्रमला तो पंप थेट जोडला असेल तर सकाळी तळंच झालेलं असतं.

कॅल्शियम आणि अल्कलिनिटी

अल्कलिनिटी (कोरलला सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) ८-९ डीकेएच (तिचं एकक); बाकी पीपीएममध्ये: कॅल्शियम ४२०-४४०, मॅग्नेशियम १३००-१३५०, नायट्रेट ५-१५, फॉस्फेट ०.०३-०.१. आकडा कोणता यापेक्षा तो स्थिर आहे का, हे पाहायचं. अल्कलिनिटी एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त हलवू नये.

मऊ कोरलच्या काळात आठवड्याला २५ लिटर पाणी बदललं की भागतं. दगडी कोरल वाढू लागली की सलग तीन दिवस एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा. रोजची घट हाच डोस. २५० लिटरला १ डीकेएच वाढवायला ७.५ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो (बेकिंग पावडर नव्हे), आणि त्याच्या जोडीचं ७ पीपीएम कॅल्शियम द्यायला साडेसहा ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून, वेगवेगळ्या वेळी.

चुन्याची निवळी हा स्वस्त उपाय: लिटरला दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळून, गाळ बसू देऊन वरचं स्वच्छ पाणी. पानपट्टीवरचा चुना नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. सगळीकडे सल्ला दिसतो की भरण्याचं पाणी म्हणून निवळीच वापरा. इथे फसगत होते. एक लिटर पूर्ण निवळी २५० लिटरला सुमारे ०.४५ डीकेएच देते. मेमधले ५ लिटर भरले तर दिवसाला सव्वादोन डीकेएच, आणि छोट्या कोरलची टाकी तेवढं खात नाही. पंपांवर पांढरा थर, पीएच ८.५ च्या वर, कोरलची टोकं भाजलेली, हे त्याचं लक्षण. निवळी डोसिंग पंपाने, मोजून, रात्री द्यायची. उडालेलं पाणी साध्या डीआयने भरायचं. निवळी करताना हातमोजे आणि चष्मा घाला.

कोण कुठे

ही सगळी कोरलची नावं: खाली वाळूजवळ मशरूम आणि झोअँथस. मध्ये हॅमर, टॉर्च. वर मोंटिपोरा, आणि वर्षभराने अॅक्रोपोरा. टॉर्च रात्री लांब डंख मारणारे तंतू सोडतं, सभोवती १५ सेंटीमीटर मोकळे हवेत. गॅलेक्सिया घेऊच नका, त्याला याहून जास्त लागतं. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया वेगळ्या बेटावर, नाहीतर मुख्य दगड त्यांचाच होतो. लेदर कोरल पाण्यात रसायनं सोडून दगडी कोरलची वाढ खुंटवतं. मिश्र टाकीत म्हणूनच १०० ग्रॅम सक्रिय कार्बन कायम, दर तीन-चार आठवड्यांनी बदलून.

झोअँथस आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. तो दगड उकळत्या पाण्यात टाकणं किंवा ब्रशने कोरडा घासणं जिवावर बेतू शकतं.

मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण पीएच उतरल्याने तो दबून राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून माशाला तासभर थेंब-थेंब पाणी देत बसू नये: बंद पिशवी २० मिनिटं तरंगवा, वेगळ्या भांड्याचा खारटपणा आधीच पिशवीइतका जुळवून ठेवा, उघडताच मासा त्यात. पिशवीचं पाणी फेकून द्या. कोरल मात्र कीड मारणाऱ्या द्रावणात सांगितलेल्या मापाने बुडवून, हलवून, बुडाचा प्लग (ज्यावर ते चिकटवलेलं असतं तो तुकडा) तोडून टाका. चपटे किडे आणि त्यांची अंडी तिथेच चिकटलेली असतात. मग आठवडाभर वाळूवर, आणि हळूहळू वर.